स्वस्तात युनिव्हर्सल डिस्क प्लेअर घ्यायचाय? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाणी डिस्कवरच ऐकणारी माणसं सोलापुरात अजून बऱ्यापैकी आहेत. कुणी जुना प्लेअर बंद पडला म्हणून विचारतं, कुणाच्या मुलाने परदेशातून एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी, सीडीचीच वरच्या दर्जाची बहीण) आणलेली असते, आणि बहुतेकांना आधी ‘कुठला मॉडेल घेऊ?’ एवढंच हवं असतं. खरं उत्तर मात्र दोन ठिकाणी लपलेलं असतं: तुमच्या कपाटात कोणत्या डिस्क आहेत आणि तुमच्या अँप्लिफायरच्या मागे कोणती भोकं आहेत. ते दोन्ही पाहून मग खाली वाचा.

१. युनिव्हर्सल प्लेअर म्हणजे नक्की काय? त्यात सगळंच चालतं का?

सीडी (१९८२), एसएसीडी (१९९९), डीव्हीडी-ऑडिओ (२०००, गाण्यांसाठीची डीव्हीडी) आणि डीव्हीडी हे सगळं एकाच ट्रेमध्ये चालवणारा तो युनिव्हर्सल. २००६ नंतर त्यात ब्लू-रे आलं, पुढे फोरके ब्लू-रे आलं.

सगळं चालतं का? नाही. आपल्याकडे घरोघरी असलेली व्हीसीडी आणि एमपी३ ची डिस्क या दोन गोष्टी कंपन्या गृहीत धरत नाहीत. महागड्या ब्लू-रे प्लेअरमध्ये व्हीसीडी न चालणं अजिबात नवल नाही. खोक्यावरची चिन्हं मोजू नका. मॅन्युअलमध्ये ‘चालणाऱ्या डिस्क’ असा तक्ता असतो, तो वाचा. मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं.

२. माझ्याकडे फक्त सीडी आहेत, नाट्यसंगीत, अभंग, थोडं कर्नाटकी. मी युनिव्हर्सल घेऊ का?

नका घेऊ. आपल्या शास्त्रीय गाण्याचा आणि भावगीतांचा जवळपास सगळा साठा साध्या सीडीवरच आहे. नीट चालणारा कुठलाही सीडी किंवा डीव्हीडी प्लेअर, ज्याला कोअॅक्सिअल किंवा ऑप्टिकल डिजिटल आउट (आवाज आकड्यांच्या रूपातच बाहेर देणारी जागा) आहे, आणि त्यापुढे एक बरा बाहेरचा डॅक एवढं पुरतं. डॅक म्हणजे डिस्कवरच्या आकड्यांचं आवाजात रूपांतर करणारा डबा. उद्या प्लेअर मेला तरी डॅक राहतो, दुसरा प्लेअर जोडता येतो.

एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ किंवा ब्लू-रे मैफली तुमच्याकडे असतील, किंवा तुम्ही त्या खरंच विकत घेणार असाल, तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे. ‘कधीतरी घेऊ’ हे कारण धरू नका.

३. एसएसीडीचा आवाज सीडीपेक्षा खरंच चांगला असतो का, की नुसतं बोलायचं?

कागदावर फरक मोठा आहे. सीडीत १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ. म्हणजे साधारण ९६ डेसिबलचा पल्ला आणि माणसाच्या कानाची वरची मर्यादा, २० किलोहर्ट्झ, गाठण्याइतकी जागा. एसएसीडीत डीएसडी नावाची पद्धत: एकच बिट, पण सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० वेळा, म्हणजे सीडीच्या ६४ पट वेगाने. डीव्हीडी-ऑडिओ स्टीरिओत २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंत जाते.

कानाला काय कळतं, हा वेगळा प्रश्न. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक प्रयोग छापला. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओचा आवाज मधेच सीडीच्या दर्जाला उतरवला आणि ऐकणाऱ्यांना ओळखायला सांगितलं. नेहमीच्या आवाजात लोकांना ते ओळखता आलं नाही. त्यांनीच पुढे असंही नोंदवलं की यातल्या बऱ्याच डिस्क मुळातच सुरेख वाजतात, कारण त्यांचं मास्टरिंग (डिस्क छापण्याआधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात) जास्त काळजीने केलेलं असतं.

माझं मतही तेच. चांगली एसएसीडी चांगली वाजते, पण तिचं श्रेय बिटांपेक्षा तिच्या इंजिनिअरला जास्त. उलट, आवाज दाबून दाबून मोठा केलेली एखादी ‘रीमास्टर’ सीडी कुठल्याही प्लेअरवर लावा, तबल्याची थाप सपाटच येणार. एसएसीडीचा एक निर्विवाद फायदा म्हणजे मल्टिचॅनल (दोनाहून जास्त स्पीकरांना वेगवेगळा आवाज), पण तो पाच स्पीकर असतील तरच.

४. एकूण बजेट ठरलंय. त्यातलं प्लेअरला किती ठेवू?

एक पंचमांशाच्या वर जाऊ नका. पैसा आधी स्पीकरला, मग अँपला. आजच्या बऱ्या प्लेअरांमधला फरक शोधायला कान टवकारावे लागतात, स्पीकरांमधला फरक शेजारच्या खोलीतून कळतो. खोली आणखी वरचढ ठरते, त्यासाठी प्रश्न ११ पाहा.

५. आज नवीन घ्यायचा तर कोणता?

यादी छोटी आहे आणि ती आणखी छोटी होत चाललीय. या क्षेत्रातली सगळ्यांची लाडकी कंपनी ओप्पो. तिने एप्रिल २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. यूडीपी-२०३ आणि २०५ ही तिची शेवटची जोडी. सॅमसंगनेही पुढे या धंद्यातून अंग काढून घेतलं.

परवडणाऱ्यांत सोनीचा यूबीपी-एक्स८००एम२ हा सरळ पर्याय. सीडी, एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ, ब्लू-रे, फोरके ब्लू-रे चालतं, यूएसबीवरून फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेल्या गाण्याची) फाइलही वाजते. धाकटा एक्स७०० एसएसीडी वाजवतो. दोघांनाही एचडीएमआयच्या दोन जागा आहेत, एक टीव्हीला आणि दुसरी फक्त आवाजासाठी. रिसीव्हर (एचडीएमआय घेणारा, अनेक स्पीकरांचा अँप) जुना असेल तर ही सोय फार कामाची. दोघांच्या तोंडावर डिस्प्ले मात्र नाही. टीव्ही न लावता तिसरं गाणं लावायची सवय असेल तर ते खटकेल.

पॅनासॉनिकचा यूबी८२० चित्राला उत्तम, पण एसएसीडी वाजवत नाही. दुकानदार ‘सगळं चालतं साहेब’ म्हणेल, तेव्हा खिशातून एसएसीडी काढून ट्रेत ठेवा. मॅग्नेटार वगैरे नव्या कंपन्यांचे प्लेअर चांगले आहेत, पण ‘स्वस्तात’ या शब्दात ते बसत नाहीत.

६. एसएसीडी लावली की ऑप्टिकल वायरमधून काहीच येत नाही. प्लेअर खराब आहे का?

प्लेअर ठीक आहे. सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

नक्कल होऊ नये म्हणून एसएसीडीचा मूळ आवाज ऑप्टिकल किंवा कोअॅक्सिअलमधून बाहेर द्यायचाच नाही, असा नियम सुरुवातीपासून आहे. तिथून सीडीचा थर वाजेल, एसएसीडीचा नाही. डीव्हीडी-ऑडिओ या वायरीतून आलीच तर दर्जा उतरवून येते. म्हणजे रस्ते दोनच उरतात: एचडीएमआय, किंवा प्लेअरचं स्वतःचं अॅनालॉग आउट, ती लाल-पांढरी पिन.

एचडीएमआयमध्येही पायऱ्या आहेत. १.१ पासून डीव्हीडी-ऑडिओ, १.२ पासून डीएसडी, १.३ पासून ब्लू-रेचे डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी कच्च्या रूपात. रिसीव्हर डीएसडी घेत नसेल तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘डीएसडी आउटपुट’ बंद करा. मग प्लेअर स्वतः पीसीएम (सीडीवर असते तीच आकड्यांची पद्धत) करून पाठवतो. ‘चित्र येतं, आवाज नाही’ ही निम्म्या लोकांची तक्रार या एका बटणाने मिटते.

प्लेअर टीव्हीला आणि टीव्हीवरून एआरसीने (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधून उलट बाहेर देणारी सोय) साउंडबारला, अशी जोडणी असेल तर मल्टिचॅनल पीसीएम साध्या एआरसीतून जात नाही, दोन चॅनल उरतात. ईएआरसी, म्हणजे त्याचीच नवी आवृत्ती, असेल तर जातं.

७. माझा अँप्लिफायर जुना स्टीरिओ आहे, एचडीएमआय नाही. मग?

मग प्रश्न ५ मधले दोन्ही सोनी सरळ जोडता येणार नाहीत, कारण त्यांना अॅनालॉग आउटच नाही. सोनी घरी आणून मग अँपच्या मागे वायर लावायला जागा शोधणारे दरवर्षी भेटतात.

तुमच्यासाठी जुन्या बाजारातला, लाल-पांढऱ्या पिना असलेला प्लेअर बरा. ओप्पोच्या बीडीपी-८३, ९३, ९५, १०३, १०५, केंब्रिज ऑडिओचे ६५०बीडी आणि ७५१बीडी, किंवा ब्लू-रे नकोच असेल तर पायोनियरचे डीव्ही मालिकेतले जुने युनिव्हर्सल डीव्हीडी प्लेअर. यातले पायोनियर सगळ्यात स्वस्त पडतात, आणि दोन स्पीकरवर एसएसीडी ऐकणाऱ्याला पुरेसे आहेत.

दुसरा मार्ग एचडीएमआय एक्स्ट्रॅक्टरचा. हा छोटा डबा एचडीएमआयमधून आवाज वेगळा काढतो. प्लेअर स्टीरिओ पीसीएमवर ठेवला तर काम होतं, पण मग आवाजाचा दर्जा त्या डब्यातली चिप ठरवते. तात्पुरती सोय म्हणून ठीक.

८. जुना प्लेअर घेताना काय तपासायचं? मला टेक्निकल काही कळत नाही हो.

कळायची गरज नाही. पिशवीत डिस्क घेऊन जा: एक साधी सीडी, एक घरी जाळलेली (कॉम्प्युटरवर राइट केलेली) सीडी, एक डीव्हीडी, एक एसएसीडी, आणि प्लेअर ब्लू-रेचा असेल तर एक ब्लू-रे. प्रत्येक डिस्क लावून शेवटच्या गाण्यावर जा.

असं का? सीडी ७८० नॅनोमीटरच्या लेझरने वाचली जाते, डीव्हीडी आणि एसएसीडी ६५० च्या, ब्लू-रे ४०५ च्या. लेझर वेगवेगळे थकतात. म्हणून सीडी झकास वाजणारा प्लेअर एसएसीडीला ‘नो डिस्क’ म्हणू शकतो, आणि उलटही. शेवटचं गाणं अशासाठी की डिस्क आतून बाहेर वाचली जाते. कडेला डिस्कची डुगडुग जास्त असते आणि दमलेलं पिकअप (लेझर आणि भिंग असलेला, डिस्क वाचणारा भाग) तिथे अडखळतं.

एसएसीडी लावल्यावर डिस्प्लेवर किंवा टीव्हीवर ‘एसएसीडी’ असं आलं का ते पाहा. बहुतेक एसएसीडी हायब्रिड असतात, म्हणजे त्यांच्यात सीडीचाही थर असतो. त्यामुळे नुसतं गाणं ऐकू आलं म्हणजे एसएसीडी वाचली असं होत नाही. विकणारा खोटं बोलत नसतो, बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं.

ट्रे अडकत असेल तर घाबरू नका. आतला रबरी बेल्ट कडक झालेला असतो. काम किरकोळ, त्या नावावर भाव पाडून घ्या. पॉवर सप्लायमधले फुगलेले कपॅसिटरही बदलता येतात. पण पिकअप गेलेलं असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी सोडा. जुन्या युनिव्हर्सलची पिकअप आता शोधावी लागतात, आणि मिळाली तरी ती नवी की काढलेली हे सांगता येत नाही.

९. मुलगा अमेरिकेत आहे, तो येताना आणणार म्हणतोय. आपल्याकडे चालेल का?

तीन गोष्टी बघायला सांगा.

पहिली वीज. मागच्या पट्टीवर ‘१००-२४० व्होल्ट’ लिहिलेलं असेल तर फक्त प्लग बदलायचा. ‘१२० व्होल्ट’ किंवा जपानी मालावर ‘१०० व्होल्ट’ एवढंच असेल तर आपल्या २३० व्होल्टवर लावताक्षणी धूर. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, आणि तो घरात कुणीतरी एक दिवस बाजूला करून थेट बोर्डात लावतंच. शक्यतो असा माल टाळा.

दुसरी रीजन, म्हणजे डिस्क कुठल्या देशांत चालावी याची खूण. डीव्हीडीसाठी भारत ५, अमेरिका १. ब्लू-रेसाठी भारत सी, अमेरिका ए. म्हणजे तिकडचा प्लेअर इकडची सिनेमाची डीव्हीडी नाकारेल. सीडी आणि एसएसीडीला रीजनच नसतं, फोरके ब्लू-रेलाही नसतं. फक्त गाणी ऐकणाऱ्याला ही अडचण जवळपास येत नाही.

तिसरी वॉरंटी. ती विमानतळावरच संपली असं समजा.

१०. सोलापूरच्या उन्हाळ्यात आणि धुळीत प्लेअर टिकतो का?

टिकतो, थोडं जपावं लागतं. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि आपण प्लेअर ठेवतो कुठे, तर गरम अँपच्या डोक्यावर, काचेच्या बंद शोकेसमध्ये. अँप वर आणि प्लेअर खाली, किंवा शेजारी शेजारी. मागे हातभर नाही तरी वीतभर मोकळी जागा ठेवा.

पूर्व भागात राहत असाल, यंत्रमागाजवळ, तर धुळीपेक्षा सुताचे तंतू जास्त त्रास देतात. ट्रेच्या फटीतून आत शिरतात आणि लेन्सवर पांढरट थर धरतात. डिस्क वाचायला वेळ लागतोय, मधेच गाणं उडतंय, असं झालं की पिकअप गेलं म्हणून लगेच निकाल लावू नका. सुती रुमालाने झाकून ठेवणाऱ्यांनाही सांगतो, त्या रुमालाचेच तंतू आत जातात. प्लास्टिकचं आवरण घाला, पण प्लेअर बंद असतानाच. लेन्स साफ करायला कॅमेऱ्याचा हवेचा फुगा आधी वापरा, तेवढ्याने भागलं नाही तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने. ब्रश लावलेली ‘क्लीनर डिस्क’ मला आवडत नाही. ब्लू-रेच्या प्लेअरमध्ये तर नकोच.

डिस्क पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. गोल ओरखडा आवाजाच्या रेषेबरोबर धावतो आणि सलग मोठा तुकडा खातो. आणखी एक, सीडीची नाजूक बाजू चकचकीत नव्हे, छापलेली. तिथे माहितीचा थर लगेच वार्निशखाली असतो. बॉलपेनने नाव लिहिलं की संपलं. डीव्हीडीत तो थर दोन तबकड्यांच्या मधे, सुरक्षित.

लाईटचं म्हणाल तर, वीज परत येताना जो झटका बसतो तो जास्त वाईट. लाईट गेली की प्लेअरचं बटण बंद करा, आल्यावर पाच मिनिटांनी लावा. इन्व्हर्टरवर चालवत असाल तर साइन वेव्हचाच घ्या.

११. एवढा खर्च केला तरी हॉलमध्ये आवाज घुमतो. प्लेअर बदलू का?

बदलू नका. खाली शहाबादी किंवा टाइल्स, चारी बाजूंना गुळगुळीत भिंती, फर्निचर कमी. अशा खोलीत टाळी वाजवा, मागे ‘टर्र’ असा आवाज येईल. तो आवाज प्रत्येक सुराच्या मागे लागतो.

आपल्या गावात यावर उपाय घरातच असतो. जाड सोलापुरी चादर भिंतीवर ताणून लावू नका, चुण्या पाडून, भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवून सोडा. दोन स्पीकरच्या मधोमध जमिनीवर सतरंजी. स्पीकरच्या समोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. घुमणारे वरचे सूर बसतात आणि गायकाचा शब्द मोकळा होतो. पखवाजाचा, तबल्याच्या बायाचा घुमारा मात्र चादरीने जात नाही, त्याला स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढावे लागतात.

१२. स्पीकरमधून सतत ‘गूं’ येतं. नवीन प्लेअर लावल्यापासून सुरू झालं.

सेट-टॉप बॉक्सला येणारी केबल टीव्हीची वायर काढून बघा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा, प्लेअरचा नाही. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या. अर्थची पिन तोडून ‘गूं’ घालवणारे मेकॅनिक आहेत. त्यांना घरात घेऊ नका.

१३. गड्ड्यावरून (सिद्धेश्वराच्या जत्रेतून) आणलेली एमपी३ ची भक्तिगीतं आणि लग्नाची डिस्क नव्या प्लेअरमध्ये चालत नाही.

दोन वेगळी कारणं. एमपी३ डिस्क न चालणं हे मॉडेलवर आहे (प्रश्न १). गाणी पेनड्राइव्हवर टाका, प्रश्न मिटला. तसंही एमपी३ ला चांगल्या प्लेअरचा फायदा नाही.

लग्नाची डिस्क व्हीसीडी असेल तर पुन्हा तेच. डीव्हीडी-आर असेल तर फोटोग्राफरने ती ‘फायनलाइज’ (दुसऱ्या प्लेअरमध्ये चालावी म्हणून शेवटी बंद) केली नसण्याची शक्यता मोठी. जुन्या रेकॉर्डरवर ती करता येते. काहीही असो, त्या डिस्कची कॉपी आजच हार्ड डिस्कवर काढा, जाळलेल्या डिस्कचा रंग हळूहळू मरतो.

१४. दुरुस्तीला सोलापुरात कोण आहे?

बेल्ट, कपॅसिटर, पॉवर सप्लाय यांची कामं टीव्ही-अँप दुरुस्त करणारा कुठलाही जुना हात करतो. पिकअप किंवा सुटा भाग हवा असेल तर पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. जाताना जुनं पिकअप सोबत न्या, त्यावर छापलेला नंबर जुळला तरच नवं घ्या. ‘चालेल ओ’ वर विश्वास नको.

१५. जुना प्लेस्टेशन ३ एसएसीडी वाजवतो म्हणे. खरं का?

पहिले जाडे मॉडेल वाजवतात. ४० जीबीच्या मॉडेलपासून ती सोय काढली, आणि नंतरच्या कुठल्याच मॉडेलमध्ये आली नाही. पंख्याचा आवाज मोठा. घरात पडून असेल तर वापरा, मुद्दाम शोधून घेऊ नका.

१६. एसएसीडीची कॉपी कॉम्प्युटरवर काढता येईल का?

साधा कॉम्प्युटर ड्राइव्ह एसएसीडीचा थर वाचतच नाही. हायब्रिड डिस्कचा सीडी थर मात्र नेहमीच्या सीडीसारखा निघतो. प्रश्न ३ वाचलात तर त्यात फार काही गमावलं असं वाटणार नाही.

१७. एका बाजूला सीडी आणि दुसऱ्या बाजूला डीव्हीडी अशी डिस्क मिळालीय. अडकणार नाही ना?

ही ड्युअलडिस्क. तिची सीडीची बाजू नियमापेक्षा पातळ असते, म्हणून काही प्लेअर ती वाचत नाहीत, आणि एकूण जाडी जास्त म्हणून गाडीतल्या, तोंडातून ओढून घेणाऱ्या प्लेअरमध्ये ती फसू शकते. ट्रेच्या प्लेअरमध्ये डीव्हीडीची बाजू लावा.

१८. माझे स्पीकर दोनच. मल्टिचॅनल एसएसीडी लावली की गायकाचा आवाज मागे गेल्यासारखा वाटतो.

प्लेअर पाच चॅनलचा भाग वाचतोय आणि तो दोनात कोंबतोय, किंवा मधल्या स्पीकरचा आवाज अॅनालॉग पिनेवर तसाच वाया जातोय. बहुतेक एसएसीडीवर स्टीरिओचा वेगळा भाग असतो. सेटिंगमध्ये एसएसीडीचं प्राधान्य ‘मल्टी’वरून ‘२ चॅनल’वर आणा. काही प्लेअरमध्ये हा बदल डिस्क थांबलेली असतानाच होतो, वाजत असताना बटण दाबून काही घडत नाही. स्पीकर सेटिंगमध्ये सेंटर आणि मागचे दोन्ही ‘नाही’ करून ठेवा, म्हणजे ज्या डिस्कवर स्टीरिओ भाग नसेल तीही नीट वाजेल.